आंबा कवा खायाचा?

कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत आंबा घ्यायला गेलं की जुने फळवाले भाव सांगायच्या आधी विचारतात, "कवा खायाचा?" आज रात्री पाहुणे जेवायला असतील तर त्यांचा हात एका ढिगाकडे जातो, परवा खायचा असेल तर दुसऱ्या. कुणी चार दिवसांनी म्हटलं तर मागच्या पेटीतून हिरवट, कडक फळं निघतात आणि वर सांगणं येतं, "कागदात ठेवा ताई, फ्रिजात घालू नका बगा." असा प्रश्न विचारणारा माणूस भेटला की त्याचा गाळा सोडू नये. आपला माल कुठल्या टप्प्यावर आहे हे त्याला कळतं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर त्या फळाचं पुढं काय होणार याचीही त्याला काळजी असते.

पण आपल्याकडून या प्रश्नाला हल्ली एकच उत्तर मिळतं. आत्ता. शिमगा होतो न होतो तोच आपल्याला हापूस हवा असतो, तोही पिवळाधमक, डाग नसलेला, घरी नेल्या नेल्या कापता येईल असा. पाडव्याच्या ताटात आमरस पाहिजेच म्हणणारी घरं माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. आमच्या घरी अक्षय तृतीयेला देवापुढं आंबा ठेवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. त्यात श्रद्धा होतीच, पण तोवर कोकणातला आंबा झाडावर खरोखर तयार झालेला असायचा, हेही होतं. फळाला त्याचा वेळ लागतो. तो वेळ आपण द्यायचा बंद केला, आणि बाजारानं आपल्याला हवी तशी साल पिवळी करून द्यायला सुरुवात केली. आंब्याच्या बाबतीत मला जे बोलायचं आहे ते एवढंच आहे, पण ते नीट कळायला फळाच्या आत काय चालतं हे बघावं लागतं.

तोडलेलं फळ जिवंत असतं. झाडापासून सुटल्यावरही ते हवेतला ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, उष्णता सोडतं. घट्ट बांधलेली पेटी उघडून आत हात घातला तर बाहेरच्यापेक्षा ऊब लागते, ती त्या श्वासाची. काही फळांचा हा श्वास पिकायच्या वेळी एकदम वाढतो, एका टोकाला जातो आणि मग उतरतो. आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, फणस ही त्या गटातली. वाढ पुरी झालेली हिरवी फळं उतरवली तरी ती घरी पिकतात. द्राक्ष, मोसंबी, डाळिंब, अननस यांचं तसं नाही. तासगावचा आंबट घड टोपलीत कितीही ठेवला तरी तो गोड होणार नाही, सुकून जाईल. तरीही "घरी ठेवा, होतील गोड" असं सांगून द्राक्षं विकली जातात आणि आपण ती घेतोही.

आता आंब्याकडे येऊ. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळाकाळा रंग बघितलेला आठवत असेल. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून तेच कैरीच्या फोडीवर टाका. फोड काळीनिळी होते, कारण तोडणीच्या वेळी आंब्याच्या गरात पिष्ट भरलेलं असतं. गोडी अजून यायची असते, तिचा कच्चा माल तेवढा आलेला असतो. पुढच्या दिवसांत विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि या पिष्टाची साखर होते. त्याच वेळी आम्लं कमी होतात, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल पडून गर मऊ होतो, सालीतलं हरितद्रव्य मोडून खालचा पिवळा रंग दिसायला लागतो, आणि सगळ्यात शेवटी वास येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालं आहे. कैरीत जवळजवळ नसलेली लॅक्टोन आणि फ्युरानोन गटातली द्रव्यं हापूस पिकताना तयार होतात. ज्या वासानं आपण दारातूनच ओळखतो की घरात आंबा आलाय, त्यात यांचा मोठा वाटा आहे.

दर उन्हाळ्यात मी हा प्रयोग भाचरांबरोबर करते. एकाच पेटीतला एकेक आंबा दिवसाआड कापायचा, एक फोड आयोडीनसाठी, बाकीचा खायला. (आयोडीन लागलेली फोड लगेच टाकून द्यायची, मुलं जवळ असतील तर नजर ठेवायची.) नीट पिकत असलेल्या आंब्यात गंमत अशी दिसते की कोयीजवळचा गर आधी पिवळा होतो, मऊ होतो, आणि तिथं आयोडीन काळं पडेनासं होतं. सालीलगतची कड मात्र अजून काळपट येते. आंबा आतून बाहेर पिकत येतो, साल शेवटी. बाजारातून आणलेला एक झगझगीत पिवळा आंबा आम्ही असाच मध्ये कापला होता. साल अशी की फोटो काढावा. आतला गर फिकट, जवळजवळ पांढरा, आणि आयोडीनचा थेंब पडल्याबरोबर सगळी फोड काळीकुट्ट. भाचीनं विचारलं, "मग हा बाहेरून पिवळा कसा झाला?" तिला सांगितलेलं उत्तर इथंही लिहिते, पण त्याआधी आत्तीच्या आढीबद्दल लिहायला हवं.

आमच्या आत्तीचं घर गगनबावड्याच्या अलीकडे. माडीवरच्या एका खोलीत, जिथं दुपारचं ऊन थेट येत नाही, तिथं ती आढी घालायची. आधी जमीन झाडून भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, वीतभर पसरायचं. त्यावर आंबे देठ खाली करून, एकमेकांना रेटणार नाहीत असे मांडायचे. मग पिंजराचा थर, वर पुन्हा आंबे. तिसऱ्या थराच्या वर ती कधी गेली नाही, कारण वजनानं खालची फळं चेपतात आणि मध्ये हवा कोंडते. रायवळ वेगळा, हापूस वेगळा, पायरी वेगळी. खार लागलेला, चिरा पडलेला, आपटलेला आंबा आढीत घालायचा नाही, त्याचं लोणचं नाही तर पन्हं. आणि आढी घालून झाल्यावर रोज संध्याकाळी ती पिंजरात कोपरापर्यंत हात घालून बघायची. "हाताला जाणवंल एवढीच ऊब पायजे. चटका बसाय लागला की वरचं पिंजर काढाय लागतंय." दोन दिवसांआड थर उलगडून एकेक फळ हातात घेऊन फिरवायचं. पिकलेलं बाजूला, नासायला लागलेलं लगेच गोठ्याकडे.

हे नासकं फळ ती इतकं तातडीनं का काढते, हे मला कितीतरी वर्षांनी वाचल्यावर कळलं. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, आणि हाच वायू शेजारच्या फळांना पिकायला लावतो. जखम झालेलं, सडणारं फळ तो जास्तच सोडतं. एक सडका आंबा आढीत राहिला तर भोवतालचे दहा वेळेआधी पिकतात आणि त्याच्याबरोबर जातात. पिंजर हा वायू थोडा धरून ठेवतं, ऊब राखतं, फळातून निघालेला ओलावा टिपतं आणि तरीही हवा खेळती ठेवतं. तांदळाच्या डब्यात चिकू पुरून ठेवण्यात, कैऱ्यांच्या टोपलीत एक पिकलं केळं टाकण्यात हीच युक्ती आहे. आत्ती चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या आढीत तापमान, वायू आणि आर्द्रता या तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या.

विज्ञानाला हा वायू सापडला तो वेगळ्याच वाटेनं. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव या संशोधकाची वाटाण्याची रोपं प्रयोगशाळेत वाकडीतिकडी वाढत होती. बाहेरच्या हवेत तीच रोपं सरळ. त्या काळी दिव्यांसाठी दगडी कोळशाचा वायू वापरत, तो प्रयोगशाळेच्या हवेत मिसळत होता, आणि त्यातल्या इथिलीनचा हा परिणाम असल्याचं त्यानं १९०१ साली दाखवलं. पुढं कॅलिफोर्नियात लिंबाच्या बागायतदारांना एक कोडं पडलं. रॉकेलच्या शेगड्या लावलेल्या खोल्यांत हिरवी लिंबं पिवळी होत. त्यांना वाटायचं की हे उबेचं काम. शेगड्या काढून ऊब द्यायची दुसरी सोय केली, तर लिंबं हिरवीच राहिली. काम उबेचं नव्हतं, शेगडीच्या धुरातल्या वायूचं होतं, आणि डेनी या शास्त्रज्ञानं १९२४ साली तो वायू इथिलीन असल्याचं दाखवून दिलं. फळं स्वतःही हा वायू तयार करतात, हे इंग्लंडमध्ये गेन यांनी १९३४ साली सफरचंदांवरून सिद्ध केलं. केळीच्या वखारीत घड रचून, दार लिंपून धुरी देणारे आपले जुने व्यापारी या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून तेच करत होते. त्यांना वायूचं नाव माहीत नव्हतं, धूर किती वेळ कोंडायचा हे माहीत होतं.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. कॅल्शियम कार्बाईड हा करड्या दगडासारखा पदार्थ आहे. त्याला पाणी लागलं की अॅसिटिलिन वायू सुटतो आणि मागं चुना राहतो. गॅस वेल्डिंगसाठी तो वापरला जातो. उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या गावाला कार्बाईड काय चीज आहे हे सांगायला नको, त्याचा तो लसणासारखा उग्र वास इथं अनेकांच्या ओळखीचा आहे. अॅसिटिलिनची रचना इथिलीनच्या जवळची, फक्त हायड्रोजनचे दोन अणू कमी, म्हणून फळ त्याला काही प्रमाणात इथिलीन समजून बसतं. कागदाच्या पुडीत कार्बाईड बांधून पेटीत आंब्यांच्या मध्ये ठेवलं की फळांच्या ओलाव्यानं वायू सुटतो, पेटी तापते, आणि एकदोन दिवसांत साल पिवळी होते. आतलं पिष्ट, आम्ल, वास यांना लागणारा वेळ मात्र कुणी दिलेला नसतो. त्यातही असा आंबा बहुतेक वेळा कोवळाच तोडलेला असतो, कारण लवकर बाजारात आणण्यासाठीच तर सगळी धावपळ.

कारखान्यात वापरायच्या या कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून फळं पिकवायला ते वापरण्यावर आपल्या देशात बंदी आहे. अन्नभेसळीच्या जुन्या नियमांतही ती होती आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही आहे. खाणाऱ्याच्या पोटाबद्दल आपण बोलतो ते बरोबरच आहे. पण मला त्या हमालांचे, पुड्या बांधणाऱ्या पोरांचे हात आठवतात. ओल्या हातानं ती पूड हाताळायची, बंद गाळ्यात तो वास छातीत घ्यायचा, घसा जळजळला तर पाणी प्यायचं आणि पुढची पेटी उघडायची. कार्बाईडची पहिली झळ त्यांना बसते, आणि त्यांच्या नावानं कुणी ओरडत नाही.

आमच्या घरी एका डोहाळजेवणाला आम्ही आमरसासाठी एका व्यापाऱ्याकडून पेट्या मागवल्या होत्या. वरून अप्रतिम माल. कापायला बसलो तर फोडी कचकच वाजत होत्या. मिक्सरमधून काढलेला रस चुन्यासारखा फिकट, वास नाही, शेवटी साखर आणि वेलदोडा घालून तो वाढला. व्यापारी म्हणाला, तुम्हीच पिवळा माल पायजे म्हणाला होता. त्याचा मला तेव्हा राग आला, अजूनही आहे, कारण माणसांना खायला घालायच्या वस्तूत असं करायचं नसतं. पण त्याच्या बोलण्यातला दुसरा भागही खोटा नाही. हातगाडीवाला उधारीवर दोन पेट्या उचलतो. फळं पिकायला आठ-दहा दिवस थांबला तर त्याचं व्याज कोण देणार? त्याला संध्याकाळपर्यंत पिवळा ढीग लावायचा असतो, कारण हिरव्या ढिगापाशी आपण थांबतच नाही.

यावर सरळ उपाय आहे आणि तो कोल्हापुरातही आहे. मार्केट यार्डात ओळखीच्या एकाच्या रायपनिंग चेंबरमध्ये मी केळी पिकताना बघितली आहेत. जाड दाराची, गारठा राखणारी खोली. आत क्रेटच्या रांगा, दोन रांगांमध्ये माणूस आडवा जाईल एवढी वाट, कारण हवा प्रत्येक फणीला लागली पाहिजे. करमाळा-टेंभुर्णीकडून आलेली जी-नाइन केळी, हिरवीगार, टोकाला बोट लावलं तर टणक. तिथला पोरगा एका केळ्यात सुईसारखा थर्मामीटर खुपसून गराचं तापमान बघत होता. खोलीचं तापमान भिंतीवर दिसतंच, पण केळी स्वतः तापतात, म्हणून आतलं बघायचं. ते सोळा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवायचं. मग चोवीस तास इथिलीन सोडायचा, दहा लाख भाग हवेत शंभर भाग, अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत. त्यानंतर दारं उघडून कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर घालवायचा, कारण तो साठला तर पिकणं मंदावतं. पुढचे चार-पाच दिवस फक्त तापमान आणि ओलावा सांभाळायचा. केळ्यात पहिल्यांदा सोडलेल्या वायूनं जाग येते, नंतर ते स्वतःचा इथिलीन स्वतः तयार करतं.

मी त्याला विचारलं, एवढी थंडी कशाला, उन्हाळ्यात तर केळी बाहेरही पिकतात. तो म्हणाला, "पिकत्यात, पण रंग न्हाई येत." बरोबर आहे. या जातीची केळी चोवीस-पंचवीस अंशांच्या वर पिकवली की गर मऊ होतो, गोडही होतो, पण सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही. आतून पिकलेलं, बाहेरून हिरवट असं केळं तयार होतं आणि आपण ते कच्चं म्हणून परत ठेवतो. तेरा अंशांच्या खाली नेलं तर साल राखाडी, काळपट पडते. म्हणून घरच्या फ्रिजमध्ये केळी ठेवायची नाहीत, आणि कच्चा आंबाही नाही. थंडीनं त्याची पिकण्याची यंत्रणाच बिघडते, बाहेर काढल्यावर तो धड पिकत नाही, सुरकुततो. पूर्ण पिकल्यावर दोन दिवस ठेवला तर चालतो.

"गॅसवर पिकवलेलं" म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, आणि "नैसर्गिक पिकवलेला" अशी पाटी दिसली की दुप्पट पैसे देतात. दोन्ही गोष्टींचा मला त्रास होतो. चेंबरमधला इथिलीन हा फळ स्वतः बनवतं तोच वायू आहे, आत्तीच्या पिंजरात होता तोच. पाटीवाल्यानं काय केलंय हे मात्र आपल्याला दिसत नाही. पाण्यात इथ्रेल, म्हणजे इथिलीन सोडणारं रसायन, घालून त्यात फळं बुडवून काढणारेही आहेत, आणि तसं फळाला थेट लावायला परवानगी नाही. विचारायचं असेल तर असं विचारावं: कुठं पिकवला, किती दिवस ठेवला?

आणि याहून महत्त्वाचा प्रश्न, कधी तोडला? चेंबर असो, आढी असो, तोडणीच्या वेळी फळात जे नव्हतं ते नंतर कुणी घालू शकत नाही. कोकणात आंब्याची तयारी आण्यात मोजतात. चौदा आणे तयार झाला की काढायचा. देठाजवळ खळगा पडतो आणि फळाचे खांदे त्याच्या वर येतात, गाल भरतात, गडद हिरवा रंग जरा निवळतो. पाण्यात टाकला तर तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं पातं बसवलेला नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी, तयार केला तो फळ देठासकट, न आपटता उतरावं म्हणून. देठ मुळापासून तुटला तर चीक सालीवर ओघळतो, साल भाजते, आणि तिथूनच पुढं कुजायला लागतं. उन्हात तापलेल्या कातळावर तोडलेला आंबा टाकून ठेवायचा नाही, झाडाच्या सावलीत ठेवायचा, हे कोकणातली बाई पोरांना ओरडून सांगते त्याला कारण आहे.

सोळा आणे पिकू द्यावा झाडावरच, असं कुणाला वाटेल. हापूसला ते मानवत नाही, त्यात साका पडतो. बाहेरून देखणा आंबा, कापला की आत कोयीजवळ स्पंजासारखा पांढरट, आंबूस गर. बाहेरून तो ओळखू येत नाही, हे सगळ्यात वाईट. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या संशोधनातून असं पुढं आलं की झाडावर जास्त राहिलेल्या फळातली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि त्याचा फटका भोवतालच्या गराला बसतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना ही जात आली, तिच्यात साका नसतो. चवीला मला ती आवडते. बाजारात मात्र हापूस या नावापुढं तिला कुणी विचारत नाही.

करपा हा रोगही असाच लपून येतो. त्याची बुरशी मोहराच्या वेळी, फळ सुपारीएवढं असताना आत शिरते आणि गप्प बसते. कच्चा आंबा तिला दाद देत नाही. तो पिकायला लागला, मऊ झाला, की तिला वाट मिळते आणि दोन दिवसांत काळे डाग पसरतात. मार्च-एप्रिलमध्ये वळीव झाला असेल त्या वर्षी हे जास्त. तोडल्यावर बावन्न अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून काढलं की बराच फरक पडतो, पण ते काम वेळेवर आणि मोजून करावं लागतं.

मग तो आंबा फोंड्यातून, गगनबावड्यातून, आंबा घाटातून रात्रीचा वर चढतो. वळणावळणाला पेट्या घासतात, तळातली फळं दबतात. पहाटे यार्डात गाड्या खाली होतात, सौदे निघतात, हमाल पेटी खांद्यावरून टाकतो, आणि शेवटी मंडईत आपण येतो आणि अंगठ्यानं दाबून बघतो. आपण दाबलेला आंबा आपण घेत नाही, पुढचा घेतो. दहा जणांच्या अंगठ्यांचे डाग घेऊन तो संध्याकाळी काळा पडतो. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेनं २०१५ साली देशभरची पाहणी मांडली होती. त्यात आंब्याचं नुकसान ९.१६ टक्के होतं आणि पेरूचं १५.८८ टक्के. पेरू हिवाळ्यात पिकतो, साल पातळ, त्याला पेटीही मिळत नाही, पाटीतून येतो. त्याचं इतकं नुकसान होतं हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट वाटलं.

इतर फळांचंही तोडणीवरच अवलंबून असतं. सीताफळाचे डोळे उघडल्याशिवाय, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेघा पिवळट-पांढऱ्या झाल्याशिवाय ते तोडलं, तर ते दगडासारखं राहतं आणि काळं पडतं. चिकूच्या सालीवर नखानं हलकं ओरखडलं आणि खाली हिरवं दिसलं तर तो कोवळा. पपईवर पिवळी रेघ उमटलेली असावी. फणसाचं आजऱ्या-चंदगडकडच्या माणसाला विचारावं. तो थापटून आवाजावरून सांगतो, मला ते कधी जमलेलं नाही आणि शिकायची इच्छा अजून आहे.

म्हणून यंदा मी आमच्या फळवाल्याकडे एक मागणी करून बसले आहे. त्याचा हापूस देवगडच्या एका बागायतदाराकडून थेट येतो. पेटीवर बागेचं नाव असतं, आंबा किती डझन ते असतं, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याची खूणही काही जण लावतात. तोडणीची तारीख कुठंच नसते. ती लिहा म्हटलं. तोडल्यापासून साध्या हवेत हापूस पिकायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. तारीख कळली तर गिऱ्हाइकाला घरी हिशेब करता येईल, आणि तोडून दोनच दिवस झालेला पिवळा आंबा कुणी पुढं केला तर तो का पिवळा आहे हे विचारता येईल.

तो हसला नाही, त्यानं विचार केला. म्हणाला, "ताई, तारीख टाकली तर लोक जुना माल म्हणून नको म्हणतील. सा तारखेचा ठेवून आठ तारखेचा मागतील." दुधाच्या पिशवीची सवय लागलेल्या लोकांना आंब्याच्या बाबतीत आधीची तारीख चांगली, हे समजावून सांगायला वेळ लागणार, हे मलाही दिसतं. शेवटी तो म्हणाला, हिरवा माल आगाऊ नेऊन घरी पिकवणारी गिऱ्हाइकं आणा, त्यांच्या पेट्यांवर बागेतूनच तारीख टाकून घेतो. आमच्या गल्लीतली नावं घ्यायला मी सुरुवात केली आहे. गंगावेशीपासून कुणी जवळ राहत असेल आणि घरात पिंजर पसरायला एक कोपरा असेल, तर मला कळवा.